पाहुण्यांचं पाणी

"बाराही सॅम्पल क्लीन आहेत. फाइल क्लोज करा," साहेब म्हणाले.

मी भूरसायनाचं काम करते. म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांवरून ते कोणत्या खडकातून आलं, हे ओळखते. कुंभारी गावाच्या पलीकडच्या एका वस्तीवर पोरांचे दात तपकिरी पडत होते. संशय फ्लोराइडवर होता. ते जमिनीतून बोअरच्या पाण्यात उतरतं. जास्त झालं की आधी दात बिघडतात, पुढे हाडं. रिपोर्टमध्ये मात्र ते जवळपास नव्हतंच. फाइल बंद झाली असती, तर पोरं तेच पाणी पीत राहिली असती.

मला खटकलं ते वेगळंच. फ्लोराइड सोडाच, बाकीचे क्षारही नव्हते. आपल्याकडच्या काळ्या दगडातून आलेलं पाणी इतकं सोवळं नसतं. शिवाय बाराही घरांचे आकडे जुळ्या भावंडांसारखे.

"मशीनपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का, मॅडम?" साहेबांनी विचारलं.

मला राग आला. मशीन बरोबरच होतं. पण बाटलीत कुणी काय भरलं, हे त्याला कुठून कळणार? मी रिकाम्या बाटल्या घेऊन पुन्हा वस्तीवर गेले.

पहिलं घर शांताबाईंचं. त्यांची तिसरीतली नात हसताना तोंडावर हात धरायची. मागच्या वेळी मी "पिण्याचं पाणी भरून द्या" म्हणून ओट्यावर बसून राहिले होते. आता बाईंच्या मागोमाग आत गेले. त्या विकतच्या जारची तोटी सोडत होत्या.

"हे कुठलं पाणी?"

"फिल्टरचं की. मागल्या येळीबी समद्यांनी मिळून हेच आनलं हुतं. म्याडमच्या बाटलीत बोअरचं मचूळ पानी कसं भरायचं?"

"आणि नात कुठलं पिते?"

"ती घरचीच हाय की. बोअरचं पिती."

मागच्या वेळी मीही जारचं पाणी पिऊन "गोड आहे हो" म्हणाले होते. पाण्याची तज्ज्ञ मी!

या वेळी बोअरवर उभी राहून बाटल्या स्वतः भरल्या. फ्लोराइड मर्यादेच्या बरंच वर निघालं. साहेबांनी फाइल पुन्हा उघडली. बोअरवर लाल रंगात 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी लागली आणि काही महिन्यांनी वस्तीला नळ आला.

नातीच्या दातांवरचे डाग आपसूक जाणार नाहीत, हे शांताबाईंना सांगताना फार वाईट वाटलं. तिच्या धाकट्या भावाचे पक्के दात मात्र अजून यायचेत.

सॅम्पल घ्यायला पाहुणा म्हणून जाऊ नये, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही. परवा गेले तेव्हा शांताबाईंनी मला आणि नातवाला एकाच तांब्यातून पाणी दिलं.