चित्रांची पंगत

रांगेत मधे घुसणाऱ्यांचा आमच्या मॅडमना भारी राग. येरमाळ्याच्या बसस्टँडवर कुणी रेटारेटी करत पुढं सरकलं, की त्या पर्स छातीशी धरून शांतपणे विचारायच्या, "दादा, शेवट तिकडंय. दिसला न्हाय का?" समोरचा कितीही आडदांड असो, मुकाट्यानं मागं जायचा. हाच नियम त्या ऑफिसात चित्रांनाही लावायच्या, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागं 'पंगतवाल्या मॅडम' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

आमचं ऑफिस म्हणजे हायवेवरच्या टायरच्या दुकानावरची एक खोली. ढाबे, मंगल कार्यालयं, खतांची दुकानं यांची वेब पेजं आम्ही तिथं बनवायचो. पेजवर फोनची, नकाशाची, घड्याळाची अशी बारकी बारकी चित्रं लागतात. प्रत्येक चित्र वेगळं मागवलं तर पेजला इंटरनेटवर तेवढ्या खेपा घालाव्या लागतात. म्हणून सगळी चित्रं एकाच मोठ्या चित्रावर ओळीनं मांडायची, ते एकदाच आणायचं, आणि पेजवर जिथं जे हवं तिथं त्याचा तेवढाच तुकडा दाखवायचा. याला स्प्राइट म्हणतात. मॅडम म्हणायच्या पंगत. "कोण कितव्या पानावर बसलंय ते कोडमधे लिहिलेलं असतंय. नवीन आला तर त्यानं शेवटी बसायचं. मधे बसला, की पुढचे समदे सरकले आणि वाढलेलं भलत्याच्याच पानात."

हल्ली याहून नव्या युक्त्या निघाल्यात. आमच्यातल्या एकानं एकदा तसं बोलून पाहिलं. मॅडमनी त्याला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, आणि "बरंय, आता पंगत मांड" म्हणून काम हातात दिलं.

या हट्टामागं त्यांची आई होती. मॅडम येरमाळ्यात भाड्यानं एकट्या राहायच्या आणि आई ईट गावात एकटी. कान पार गेलेले, त्यामुळं फोनवर बोलणं खुंटलेलं. अक्षरओळख नाही, गुडघे कुरकुरणारे, पण घर सोडायचं नाव नाही. थोरला भाऊ धाराशिवला नोकरीला. आईला तिकडं न्यायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मॅडमनी त्यांच्याकडून थोडी मुदत मागून घेतली आणि आईसाठी एक पेज बनवलं. त्यावर अक्षर एकही नाही, नुसती चित्रं: गोळ्या, गॅस, चहाचा डबा, जमिनीवर पडलेली बाई. चित्र दाबलं की बहीणभावाच्या फोनवर निरोप. ईटला रेंज असून नसल्यासारखी. चित्रं सुटी सुटी मागवली असती तर काही पोचलीच नसती, आणि न आलेल्या चित्राच्या रिकाम्या चौकोनात नुसतं नाव उमटतं, ते आई वाचणार कशी? "यायची तर समदी एकदम येऊ दे," मॅडम म्हणायच्या. पेज चाललं तर आई आपल्या घरात राहणार, बिघडलं तर भाऊ गाडी घेऊन येणार, असं सरळ ठरलं होतं.

पेज झकास चाललं. मग एका रविवारी मॅडम ईटला गेल्या तेव्हा आईनं तक्रार केली, "ह्यात माझी शेळी कुठंय?" शेळी आजारी पडली तर काय दाबायचं, हा सवाल बिनतोड होता. सोमवारी मॅडमनी शेळी काढली, लांब कान खाली सोडलेली, देखणी. आणि जन्मात न केलेली गोष्ट केली: तिला पंगतीत पहिली बसवली. मी नुसतं बघतच राहिलो. "आईची शेळी हाय ती. तिला शेवटी बसवून चालंल व्हय?" त्या हसल्या. या लाडात कोडमधल्या बाकीच्या जागा बदलायच्या राहून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला: पडले, लवकर ये. शेजारीपाजारी फोन उचलेनात. मॅडमना मोटरसायकलवर मागं बसवून मी ईटला सुटलो. पोचलो तर आई अंगणात तूर पाखडत बसलेली. हातवारे करून विचारलं तेव्हा म्हणाली, "कोन पडलं? म्या तर चापत्तीचं दाबलं." मग फोन पुढं धरून कौतुकानं म्हणाली, "दोन दोन शेळ्या दिल्यास व्हय गं? मला वाटलं, एक करडू हाय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. शेळीमुळं प्रत्येक चित्र एकेक जागा पुढं सरकलं होतं, आणि चहाचा डबा पडलेल्या बाईच्या जागी जाऊन बसला होता; त्या जागेचा निरोप मात्र तोच राहिला होता.

तेवढ्यात भाऊ आले. त्यांनाही तोच निरोप गेला होता. आई धडधाकट बघून त्यांचा जीव भांड्यात पडला आणि मग राग उसळला. "बास झालं आता. आईचं सामान बांध."

"दादा, आईनं बरोबर दाबलं. चूक माझीय. माझ्या चुकीपायी तिला घरातून काढू नका तुम्ही."

"मग तू येऊन ऱ्हा इथं!" भाऊ तिरीमिरीत बोलून गेले.

आईला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. मुलगा आणि लेक एकाच दिवशी दारात आले म्हणून ती खुशीत होती आणि शेजारणीकडं चापत्ती मागायला निघाली होती. तिला तसं जाताना बघून भाऊ चपला काढून ओट्यावर टेकले. सामान त्या दिवशी बांधलं गेलं नाही.

मॅडमनी शेळीला शेवटी नेऊन बसवलं. पेज पुन्हा नीट चाललं, पण आईची चापत्ती मात्र सारखी संपू लागली. मॅडम पुडा घेऊन जायच्या, मुक्काम करून परतायच्या. एकदा परतल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "डबा उघडून बघितला रे. काठोकाठ भरलाय. आणलेले पुडे फळीवर तसेच हायत."

पुढच्याच महिन्यात त्यांनी बिऱ्हाड ईटला हलवलं. आता काम तिथूनच करतात, फाइल पाठवायला रेंजसाठी घराच्या छतावर, माळवदावर चढतात. त्यांच्यावाचून ऑफिस सुनं वाटतं, खोटं कशाला सांगू. त्या निघाल्या तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, "मॅडम, पेज एवढं नीट चाललंय, मग तुम्ही जाता कशाला?"

"चाललंय की. पण करमत न्हाय म्हणायचं चित्र त्यात कुठंय?"

"मग मी काढतो ना एक. आत्ता काढतो."

"ऱ्हाऊ दे," मॅडम पिशवी उचलत म्हणाल्या. "मीच जाते."