जिन्याखालची मोरी

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुकट निवडणं. मध्ये ताट, दोन बाजूंना आम्ही. मला डोकी नीट काढता येत नाहीत, म्हणून माझा वाटा ही पुन्हा निवडत होती आणि बोलत होती. रविवारच्या मीटिंगला काय बोलायचं ते तिचं चाललं होतं. चाळीच्या कमिटीला जिन्याखालची बायकांची मोरी काढून तिथं पाण्याची मोटार बसवायची आहे. सगळ्यांच्या खोल्यांत बाथरूम झाली, आता ती मोरी वापरतं कोण, असं कमिटीचं म्हणणं. ही म्हणाली, गेटवरची कोळीण वापरते, भाजीवाली वापरते, झाडू मारायला येणाऱ्या बाया वापरतात. दिवसभर रस्त्यावर बसणाऱ्या बाईनं जायचं कुठं, ते मी रविवारी विचारणार आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. रविवार यायचा होता.

ती मोरी कशी झाली ते सांगतो. ठाऊक असलेलं दुसरं कोणी आता चाळीत उरलेलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी चार बुकं शिकलेला, गिरणीत साच्यावर कापड विणत होतो. लालबागच्या आमच्या एका खोलीत आम्ही दोघं आणि गावाकडचे सात-आठ जण, हिच्या हातचं जेवणारे. एरवी गिरणीच्या पाळ्या असत, कोणी कामावर, कोणी झोपलेलं, त्यात बायकांना घटकाभर खोली मोकळी मिळायची. हरताळ झाला, कर्फ्यू लागला, की सगळे बाप्ये घरात. आम्ही पत्ते कुटायचो आणि मुंबई कुणाची त्यावर घसा बसेपर्यंत भांडायचो. खोलीतल्या मोरीला कमरेएवढी भिंत आणि वर एक पडदा. त्या पडद्यापलीकडे बाईमाणसानं काय करावं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जरा निवळल्यावर चाळीच्या मंडळानं ठरवलं की आपलं राज्य तर येणारच, तेव्हा लोकांना काय हवं ते आधी विचारून ठेवावं. जिन्याखाली कोळशाची एक खोली रिकामी पडली होती. तिचं काय करायचं तेही त्यातूनच ठरणार होतं. आम्हा पुरुषांना तिथं व्यायामशाळा हवी होती. मंडळात गिरगावातले एक मास्तर येत. भला माणूस. ते म्हणाले, गरज काय असं विचारू नका, समोरच्याला आपण भीक घालतोय असं वाटतं. अडचण काय, असं विचारा.

दुपारी आम्ही तिघे निघालो. पहिल्या दारात मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला काही अडचण?" वहिनीनं पदर तोंडाला लावला आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या दाराआडून नुसतं हसू ऐकू आलं. तिसऱ्या दारात एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "मेल्या, माझी कधीच बंद झाली." आम्हाला बरं वाटलं. आमच्यातल्या लिहिणाऱ्यानं 'अडचण नाही' असं लिहूनही घेतलं.

संध्याकाळी हे मी हिला सांगितलं, तर तिनं हातातली पळी खाली ठेवली.

"कोणी सांगितल्यान तुमका ह्यां विचारूक?"

मास्तरांनी, म्हटलं. मग ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. महिन्याच्या चार दिवसांना आमच्या बायका अडचण म्हणतात. मला काय ते ठाऊक नव्हतं? पण मास्तरांच्या तोंडचा शब्द आणि चुलीपाशी बोललेला शब्द एकच असेल, असं वाटलं नव्हतं. आता कुठल्या वहिनीसमोर उभा राहू, असं मी म्हणालो. ही हसायची थांबली होती.

"विचारलात तां चुकीचा नाय," ती म्हणाली. "तुमी विचारलात, ती चूक."

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः दारोदार गेली. अडचण वगैरे काही विचारलं नाही. एवढंच विचारायची, कपडा कुठं वाळत घालतेस गं? एवढ्यावर बाया तिला आत बसवून घ्यायच्या. कोणी साडीखाली लपवून वाळवत होती, कोणी गादीखाली, कोणी ओलाच वापरत होती. गावाला चार दिवस बाहेर बसायला निदान पडवी असे. इथं बाहेर म्हणजे गॅलरी, आणि गॅलरीत बाप्ये झोपलेले. एक जण तर कर्फ्यूत अंघोळीसाठी चिंचपोकळीला बहिणीकडे निघाली होती. पोलिसांनी नाक्यावरून परत पाठवली. कुठं निघालीस म्हणून विचारलं, तर काय सांगणार ती.

मंडळाच्या बैठकीला बायका येत नसत, म्हणून मी बोललो. बायकांना जिन्याखाली मोरी हवी. एकानं टोमणा मारला, बायकोनं पढवून पाठवलेलं दिसतंय. हो, मग? म्हटलं. मास्तरांनी विचारलं, पण अडचण नेमकी काय आहे? मी खाली बघत म्हटलं, "तीच." मास्तरांना कळलं. कानापर्यंत लाल झाले, पण पहिला हात त्यांनीच वर केला. व्यायामशाळावाले महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. नळ शेजाऱ्यानं जोडला, लादी आम्ही घातली, दाराला आतून कडी आणि आत कपडे वाळत घालायला दोरी. त्यानंतर आमच्यापैकी कोणीही आत पाऊल टाकलं नाही.

ही गेली त्याच संध्याकाळी तिला भोईवाड्याच्या स्मशानात नेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटीचा सेक्रेटरी भेटायला आला. पोरगा वाईट नाही. निघताना म्हणाला, "आजोबा, काही अडचण असली तर हक्कानं सांगा."

मी म्हटलं, "आहे. ती मोरी तोडू नका."

तो म्हणाला, आता तो विषय कशाला, बाराव्यानंतर बघू. मी म्हटलं, "बायकांची अडचण तुझ्या बाराव्याला थांबत नाही. दर महिन्याला येते." इतक्या वर्षांत बाप्यांसमोर तो शब्द त्या अर्थानं मी पहिल्यांदा सरळ उच्चारला. त्याची मान खाली गेली. मोटारीचा माणूस आजच माप घ्यायला यायचा होता, त्याला थांबवतो म्हणाला. थांबवेल की नाही, कुणास ठाऊक.

म्हणून मी खाली गेलो आणि मोरीच्या दारासमोर पायरीवर बसून राहिलो. मोटारीचा माणूस काही आला नाही. कोळीण आली. मला बघून दोन पावलं मागं सरली, उगाच लुगडं नीट करत उभी राहिली. मी उठलो, गेटबाहेर रस्त्यावर गेलो आणि चाळीकडे पाठ करून तिच्या टोपलीपाशी उभा राहिलो.