पुलाची हजेरी

माझे सासरे शहराच्या मोठ्या पुलाच्या कामावर हजेरी कारकून होते. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. आता आमचा पूल म्हणजे काय साधासुधा पूल? कॅलेंडरवर तो, बिस्किटांच्या डब्यावर तो, नव्या जोडप्यांच्या फोटोत मागे तोच. अकरा खांब, चार वर्षांचं काम, आणि त्याच्या तोंडाशी बसवलेल्या दगडावर कोरलंय, ‘एकही जीव न गमावता पूर्ण’. शाळेत मुलं हे पाठ करतात. दर वर्षी सासऱ्यांना हार घालून त्या दगडाशेजारी उभं करायचे, कारण त्या वेळचं दुसरं कुणी उरलेलंच नव्हतं.

गंमत अशी, की ज्या पुलाने एवढा मान दिला, त्यावरून हा माणूस कधी पलीकडे गेला नाही. दगडापर्यंत जायचे, हार घ्यायचे, मागे फिरायचे. पलीकडे सख्खी बहीण राहायची, तर तिच्याकडे होडीने जायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा म्हटलं, सासरा विक्षिप्त मिळालाय. दुसरी खोड कपड्यांची. अक्षर मोत्यासारखं, पण सदरा कायम चुरगळलेला. तोही गल्लीच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाली असताना! “इस्त्रीने कापड मरतं,” म्हणायचे.

“बाबा, तुमचं कापड कधीच मेलंय,” मी म्हणायचे.

पण दुपारी ते झोपले की मला त्या घरात एकटीने बसवत नसे. झोपेत ते हजेरी घ्यायचे. “एकशे सदतीस. एकशे अडतीस. एकशे एकोणचाळीस.” मग थांबायचे, कुणी उत्तर देतंय का ते ऐकत असल्यासारखे. पुन्हा, “एकशे एकोणचाळीस.” तिसऱ्यांदा आवाज चिरकायचा. मी स्वयंपाकघरात हातातलं भांडं तसंच धरून उभी राहायचे. एकदा मला राहवलं नाही आणि मीच “हजर” म्हणाले. बाबा ताडकन उठून बसले. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की पुन्हा तो आगाऊपणा मी केला नाही.

पुलाला चाळीस वर्षं झाली तेव्हा मोठा समारंभ ठरला. मी बाबांना न विचारता त्यांचा सदरा इस्त्रीला टाकला. इस्त्रीवाली बाई पूल बांधायच्या दिवसांपासून गल्लीत राहते. नवरा पुलावर मजूर होता, आणि मूल चार महिन्यांचं असताना तो तिला टाकून पळाला, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. कुणाबरोबर पळाला, यावर गल्लीत बरीच मतं होती. त्या गप्पांत मीही बसलेय, खोटं कशाला बोलू.

सदरा द्यायला ती स्वतःच आली. घडी बाबांच्या हातात ठेवून हसत म्हणाली, “मास्तर, भाषण कराल तेव्हा विचारा की, आमचे ते कुठे पळाले म्हणून. तुमच्याच वहीत होतं ना नाव?”

बाबांनी सदऱ्याची घडी बाजूला ठेवली.

“एकशे एकोणचाळीस नंबर,” ते म्हणाले. “तो पळाला नाही, बाई.”

मग त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. आठव्या खांबाचं काँक्रीट ओतणं चालू होतं. तो फळीवरून घसरला आणि खाली साच्यात गेला. काम थांबवलं तर खांब वाया जाणार, म्हणून साहेब म्हणाले, चालू ठेवा. “दोनदा त्याची हाक आली,” बाबा म्हणाले. “मी तिथेच उभा होतो.” संध्याकाळी साहेबांनी हजेरीची वही पुढ्यात ठेवली, आणि बाबांनी त्याच्या नावापुढे आदल्या दिवसाची तारीख घालून लिहिलं, ‘काम सोडून गेला’. दगडावरचं वाक्य खरं ठरायला तेवढं पुरलं.

मला त्यांचा भयंकर राग आला. या माणसाला मी इतकी वर्षं जेवायला वाढत होते. आणि त्यांची कीवही आली, ती मला नको होती तरी.

इस्त्रीवाली रडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, “माझा मुलगा एकवीस वर्षं शोधतोय त्याला.”

आम्हाला वाटायचं, पोरगा कुठे नोकरीला आहे. तर विशीत असताना त्याने बापाचा विषय काढला होता आणि ही भडकली होती. “त्याला धरून आण, नाहीतर मला तोंड दाखवू नकोस,” म्हणाली होती. पोरगा तसाच निघाला. जिथे बांधकाम चालू असेल तिथे काम धरायचा, चौकशी करायचा, पुढच्या गावाला जायचा. वर्षातून एक पत्र पाठवायचा.

“मला लिहिता येत नाही,” ती बाबांना म्हणाली. “तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलंय.”

बाबा लिहायला बसले. काही गाळलं नाही, ती हाकसुद्धा नाही. खाली पूर्ण नाव घालून सही केली. पोराच्या शेवटच्या पत्त्यावर मीच ते पत्र टाकून आले. समारंभाला बाबा गेले नाहीत. तोच मजकूर पुन्हा लिहून नगरपालिकेत दिला. तिथून पोच मिळाली, बाकी काही नाही.

सव्वा महिन्याने उत्तर आलं. वाचून घ्यायला बाई आमच्याकडेच आली. बाबांनी चष्मा लावला, पण त्यांना वाचवेना, म्हणून मी घेतलं. बापाविषयी एक अक्षर नव्हतं, पुलाविषयी नव्हतं. चाळिशी ओलांडलेल्या त्या माणसाने एकच ओळ लिहिली होती.

“आई, आता मी घरी येऊ का?”