अडीच बोटांचा वाफा

एम.एस्सी.ला मी सांख्यिकीय यामिकीत दोनदा आपटलो. तिसऱ्यांदा बसणार म्हटल्यावर मामाने मीठ ओढायचं एक नवं लाकडी फावडं करवून घेतलं, माझ्या उंचीचं. पनवेलच्या खाडीकाठी त्याचं चाळीस वाफ्यांचं मिठागर होतं. "नापास झालास तं हाय आपलं," म्हणत त्याने ते आगरातल्या खोपटाच्या दाराशीच टेकवून ठेवलं. मीही हट्टाला पेटलो.

गाडं अडलं होतं एकाच जागी. एका वस्तूच्या असंख्य प्रती कल्पायच्या. कुठली अवस्था किती वेळा सापडेल ते बघून, त्या प्रमाणात मापांची सरासरी काढायची, की आलं अपेक्षित मूल्य. गणित तोंडपाठ. पण मोजायला गेलं की नेमकं तेच मूल्य मिळणार, असं मी दोन्ही तोंडी परीक्षांत छातीठोकपणे सांगितलं आणि दोन्ही वेळा तोंडावर पडलो.

एका सकाळी मी बांधावर पुस्तक उघडून बसलो होतो. मामा ओरडला, "आज अडीच बोटं पानी हाय!"

म्हटलं, अडीच बोटं पाण्याचा तो वाफा बघूच! लेंगा खोचला आणि चाळीसच्या चाळीस वाफ्यांत बोटं आडवी धरून पाणी मोजलं. पाचांत एक बोट, पंधरांत दोन, पंधरांत तीन, पाचांत चार.

"गावला का, भाच्या?"

"एकही नाही! अर्धं बोट कुठेच नाही."

"आमी अर्धं मोजतच नाय. बोट कापून मोजू का?"

"मग अडीच आणलंस कुठून?"

"ते सगल्या आगराचं. एकेका वाफ्याला कशाला इचारतोस?"

वाफ्यात उभ्या उभ्याच मी बेरीज केली. शंभर भागिले चाळीस. अडीच! दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. एकेका वाफ्याचं पाणी बदललं होतं, सरासरी मात्र अडीचला चिकटून.

तिसऱ्या तोंडी परीक्षेत तेच परीक्षक, तोच प्रश्न. "हे मूल्य एका तरी मापनात मिळेलच ना?"

मी खुर्चीतून उठलोच. "नाही सर! एकातही मिळालं नाही तरी ते खरंच!" आणि चाळीस वाफे त्यांच्या टेबलावर पसरले, मामाच्या आवाजासकट. 'बोट कापू का'ला परीक्षकांनी हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले.

पास झालो. पेढे घेऊन आगरात गेलो. मामाने पेढा तोंडात टाकला आणि खोपटाच्या दाराशी टेकलेल्या फावड्याकडे बोट केलं.

"आता कशाला? पास झालो ना!"

"फावडं तुज्या मापाचं हाय. दुसऱ्या कुनाला व्हनार नाय."

त्या दिवशी मी पंधरा वाफे ओढले.