बागेतला मोठा दिवा

आमच्या वायरमनचा स्वभावच असा, की अंधार दिसला की लाव दिवा. कॉलनीच्या बागेत संध्याकाळी दिसत नाही अशी तक्रार आली, तेव्हा या गड्याने फाटकापाशी उंच खांब रोवून असा झगझगीत दिवा चढवला, की समोरच्या इमारतीतले लोक पडदे ओढून बसू लागले. याची कॉलर मात्र ताठ. येईल-जाईल त्याला दिवा दाखवायचा.

नेमकं तेव्हापासून अप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, बागेत जाणं सोडलं. बायको गेल्यापासून ते घरात घुम्यासारखे बसायचे. दोन मित्रांनी ओढून बागेतल्या बाकावर नेलं, तेव्हा कुठे बोलायला लागले होते. आता पुन्हा भिंतीकडे तोंड. विचारलं तर म्हणायचे, "कंटाळा येतो रे." जेवणही चिमणीएवढं. आई गेली, आता हेही हातचे जातात की काय, या धास्तीने वायरमनचा जीव टांगणीला लागला.

शेवटी त्याची बायकोच वैतागली. "अहो, डॉक्टरांना काय विचारताय? एकदा अप्पांच्या बाकावर जाऊन बसा की!"

तो जाऊन बसला. दिवा थेट डोळ्यांत. पायरी दिसेना, झुडपांमागे तर काळाकुट्ट अंधार. तेवढ्यात कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं.

"कोण आहे?" तो दचकून ओरडला.

"तुमची बायको. कळलं आता?"

घरी येऊन तो म्हणाला, "अप्पा, बोलला का नाहीत?"

"सगळ्यांना एवढ्या कौतुकाने दाखवत होतास. तुझा हिरमोड कशाला करू?"

वायरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मोठा दिवा उतरवला. वाटेच्या कडेने गुडघ्याएवढे, टोपी घातलेले पिवळे दिवे बसवले, पायरीपाशी एक जास्तीचा. माळ्याची बोलणी खात त्याच्याकडून झुडपं कमरेपर्यंत छाटून घेतली आणि बाक समोरासमोर मांडले.

तरी अप्पांना पहिल्या दिवशी हाताला धरूनच न्यावं लागलं. जेवायच्या वेळी तो आणायला गेला, तर तिघे म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत तावातावाने भांडत होते.

"अप्पा, जेवायला चला."

"तू हो पुढे," अप्पा मान न वळवता म्हणाले. "आधी याला गप्प करतो."

बापाने हाकलल्याचा एवढा आनंद त्याला जन्मात झाला नव्हता. फाटकाबाहेर येऊन तो पोटभर रडला.