हरकत न घेता दिलेलं उत्तर

लातूर जिल्हा नवा होता आणि माझी वकिलीची सनदही नवी. त्या दुष्काळात औशाजवळच्या आमच्या गावात पाण्याच्या टँकरवर मारामारी झाली, त्यात एकाचा डोळा गेला. खटल्यात माझे मामा सरकारी साक्षीदार होते. गावात त्यांचं किराणा दुकान. मी लातुरात शिकत असताना पाच वर्षं माझा डबा एसटीनं धाडला, तो त्यांनीच. मारामारीत आपल्याही हातात काठी होती, हे त्यांनी मला सांगितलं होतं.

साक्षीच्या सकाळी मी त्यांना तीनदा समजावलं. स्वतःला अडकवणारा प्रश्न आला तरी साक्षीदाराला उत्तर टाळता येत नाही. मात्र आधी हरकत घ्यायची. मग कोर्टानं बोलायला भाग पाडलं, तर ते उत्तर पुढं त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही.

"म्हंजे आधी नको नको म्हनायचं, मग बोलायचं," मामा म्हणाले. "सासुरवाडीत जेवायला बसल्यावानी."

शपथ घेताना त्यांनी सदऱ्याखालचं, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. आम्हा लिंगायतांत लिंग धरून बोललेला शब्द शेवटचा. हे जन्मापासून पाहत आलो, तरी सकाळी माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आरोपींच्या वकिलांनी विचारलं, "तुमच्या हातात काय होतं?"

"काठी. मीबी त्याला दोन हानल्या. डोळ्यावर कुनाची बसली, देवाला ठाऊक."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मामा, हरकत का नाही घेतली?"

"लिंग हातात धरून देवाला अट घालू व्हय?"

आठवड्यात आरोपींच्या बाजूनं अर्ज आला, यांनाही आरोपी करा. माझ्या सीनिअरांनी उत्तर लिहिलं, की साक्षीदार कोर्टाच्या सक्तीमुळे बोलला. ते मी मामांना दुकानात वाचून दाखवलं. त्या ओळीवर त्यांनी मला थांबवलं.

"कुनी सक्ती केली? जजसाहेबानं तर प्यायला पानी दिलं मला."

"कायद्याची भाषा असते ती, मामा. सही करा."

"लई शिकलास बाबा. तेवढी ओळ काढ, करतो सही."

ती ओळ काढली तर कागदात काहीच उरत नव्हतं. मामीनंही विनवून पाहिलं. पुढच्या तारखेला मामांचं नाव आरोपींत चढलं.

साक्षीच्या वेळी मी मागच्या बाकावर होतो. उठून जजसाहेबांना, साक्षीदाराला त्याचा हक्क समजावून सांगा, एवढं म्हणता आलं असतं. माझ्याकडे वकीलपत्र नव्हतं, हे खरं. मी घाबरलो होतो, हेही खरं. मामांना मी फक्त वकीलपत्राचं सांगितलं.