एकाचा जबडा, दुसऱ्याची पट्टी

जुन्या क्लॅम्पच्या पट्टीवर मी दुसऱ्याच कंपनीच्या नव्या क्लॅम्पचा जबडा चढवला आणि तो तसाच फणसाच्या फळ्यांवर आवळला. चूक एवढीच. बघणाऱ्याला वाटावं, यात काय वाट लागणार?

क्लॅम्प म्हणजे जोडलेल्या फळ्यांचा ग्लू सुकेपर्यंत त्यांना दाबून धरणारा शिकंजा. एक लांब लोखंडी पट्टी, तिच्यावर सरकणारा जबडा आणि टोकाला पिळायचा स्क्रू. गोरेगावच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या माझ्या लाकूडकामाच्या गाळ्यात दोन प्रकारचे क्लॅम्प होते. जुने, कुणाच्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेले, पट्ट्या लांबलचक पण जबडे तडकलेले. नवे, ऑनलाइन मागवलेले, जबडे चकचकीत पण पट्ट्या आखूड. फळ्या रुंद होत्या. मग मी दोघांचं लग्न लावून दिलं, पत्रिका न बघता.

फळ्या सासूबाईंच्या होत्या. कोकणात त्या एकट्याच राहायच्या. मागच्या पावसाळ्यात खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, शेवाळावरून घसरल्या आणि शेजारीण ताक मागायला येईपर्यंत तिथेच पडून राहिल्या. बायकोने त्यांना बोरिवलीला आणलं आणि आता इथेच राहा म्हणून हट्ट धरला. सासूबाईंचा जीव फ्लॅटमध्ये रमेना. परसातला वाऱ्याने पडलेला फणस त्यांनी कापून ठेवला होता, त्याच्या फळ्या मागवून घेतल्या आणि अट घातली.

"माज्या फणसाचो झोपाळो होतलो तर मी रवतलंय. नाय तर आपली गाडी धरतलंय."

बायको रविवारी गाळ्यात आली ती या अटीचं काय होतंय ते बघायला. मी फळ्यांना ग्लू लावून क्लॅम्प आवळत होतो. तिने एका जबड्याला बोट लावलं.

"हे हलतंय रे."

"स्क्रू पिळला की बसतं."

"नवीन जबडा जुन्या पट्टीवर चालतो?"

"लोखंडाला काय कळतंय कंपनी कुठली?" मी म्हणालो. असली वाक्यं मला फार पटकन सुचतात. त्यांचा अर्थ मात्र सावकाश पोचतो.

सगळे आवळून झाले. फळ्यांच्या फटीतून ग्लूचे थेंब बाहेर आले, ओळीने, मोत्यांसारखे. मी खूश. आम्ही डबा उघडला, तेवढ्यात कुठेतरी 'टिक' झालं.

"काय वाजलं?"

"पाल असेल."

थोड्या वेळाने पुन्हा. टिक.

"पाल लोखंडात बसते का रे?"

मी हसलो, पण जेवताना कान तिकडेच होते. दर आवाजाला एखादा जबडा पट्टीवरून केसभर मागे सरकत होता. जबडा सैल, म्हणून तिरका. तिरका, म्हणून फळीची कड वर उचलणारा. मला ते दिसत होतं. पण भाकरी हातात असताना माणूस उठत नाही, आणि बायकोसमोर तर नाहीच.

बायको हात धुवायला उठली आणि तिच्या पाठीमागे स्फोटासारखा आवाज झाला. मधला जबडा पट्टीवरून सुटून ती बसली होती त्या स्टुलावर आदळला होता. स्टुलाच्या लाकडात अंगठा मावेल एवढा खड्डा. ती ओल्या हातांनी त्या खड्ड्याकडे बघत राहिली. मग अंगठा त्यात घालून बघितला.

मी धावत जाऊन सगळं पुन्हा आवळलं. ग्लू तोवर अर्धवट आटला होता. एकदा हललेला जोड पुन्हा दाबला तर चिकटल्यासारखा दिसतो, चिकटत नाही, हे मला माहीत होतं. मी फट भुशाने भरली, रंधा मारला, पॉलिश केलं. फणसाचा पिवळा रंग असा खुलला की मी स्वतःच फसलो. खाली आधाराला आडव्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या, त्याही राहिल्या. एवढ्या देखण्या फळीला खिळे कशाला?

झोपाळा बाल्कनीत साखळ्यांवर चढला. सासूबाई भोवती फिरल्या, वास घेतला, पण बसल्या नाहीत. आमच्याकडे पहिला मान देवाचा. त्यांनी फळीवर तांब्या ठेवला, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला लागल्या. प्रत्येक मागण्यानंतर 'व्हय महाराजा' म्हणायचं काम घरातल्या एकमेव पुरुषाचं, म्हणजे माझं.

"बा देवा महाराजा, लेकीच्या घरात आज झोपाळो टांगलो हा."

"व्हय महाराजा."

"जावयान आपल्या हातान केल्लो हा."

"व्हय महाराजा," मी जरा हळू म्हणालो.

"काय चुकला माकला आसात, ता सांभाळून घे."

"व्हय महाराजा." इतक्या मनापासून मी देवाला कधीच होकार दिला नव्हता. बायकोने माझ्याकडे वळून बघितलं. खाली गल्लीत कुठलातरी कुत्रा भुंकायचा थांबला.

सासूबाई नमस्काराला वाकल्या. दोन्ही तळवे फळीवर टेकले, त्यांच्यावर अंगाचा भार आला.

टिक.

तो आवाज मी ओळखला. बायकोनेही ओळखला, कारण तिने आईचा दंड धरला तेव्हा फळी अजून शाबूत होती. मग जोड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ उघडला, कुणी दार उघडावं तसा. फळी मधोमध खचली, नारळ लादीवर फुटला, तांब्या गडगडत कठड्याला जाऊन लागला. सासूबाई लेकीच्या हाताला लटकून अर्ध्या वाकलेल्या, समोर त्यांच्याच फणसाची दोन शकलं साखळ्यांवर हेलकावे खात होती.

तांब्यातलं पाणी लादीवरून माझ्या पायापर्यंत आलं.

सासूबाई सावकाश ताठ झाल्या, पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता लेकीला म्हणाल्या, "बाय, माजा तिकीट काढ. पडाचाच आसात तर मी माज्या खळ्यात पडान, जावयाच्या झोपाळ्यार कित्याक?"